एकोणीस नंबरचा पाना

सांगली
ता. १४-११-९४

ती. आक्कास,
महेंद्रचा सविनय जयभीम. वि. वि.

इकडे सर्व खुशाल, एक मी सोडून. पाचगणीच्या शाळेला जेवणघरासाठी आपण चाळीस स्टुलं दिली, त्यातली अकरा परत आली आहेत. तू कातून पाठवलेल्या आडव्या दांड्या पायांतून निसटल्या आणि एक मास्तर भर पंगतीत आमटीच्या ताटासकट खाली बसले. हेडमास्तरांनी जाब विचारला, तेव्हा मी सांगितलं की दांड्या मलकापूरहून बहिणीकडून येतात, बाईमाणसाचा हात, पायाच्या भोकात बसणारी टोकाची कुसवं बारीक झाली असणार. दुसरं काय सांगणार?

राग मानू नकोस. अण्णांच्या माघारी तू लेथ चालवलास, कौतुकच आहे. पण घासलेल्या पान्याने माप काढायचे दिवस गेले. इथे कारखान्यात तयार दांड्या मिळतात. लेथला गिऱ्हाईक बघू का? तुझ्या पाठीलाही आराम.

सोबत पिंकीचा फोटो. चौथीत पहिली आली. आईला दाखव. लोभ असू दे, फक्त तुझ्या दांड्यांपेक्षा जरा घट्ट.

तुझा,
महेंद्र

मलकापूर
ता. १९-११-९४

चि. महेंद्र यास,
आशीर्वाद. नेहमी अनेक लिहिते, आज एकच देते.

तुझं पत्र वाचताना हातात पटाशी होती, ती आधी खाली ठेवली. बाईमाणसाचा हात! सहा वर्षं हाच हात तुझ्या दुकानाला दांड्या पुरवतोय, तोवर तो आक्काचा होता. स्टूल मोडलं तसा बाईमाणसाचा झाला होय रे?

अण्णांचा पाना तू विसरलास. ट्रॅक्टरचा एकोणीस नंबरचा पाना, एक ओठ घासून धारेचा केलेला, दुसरा गुळगुळीत. फिरत्या दांडीच्या टोकावर धरला की धारेचा ओठ कापत जातो, आणि कुसू बरोबर एकोणीस मिलिमीटर झालं की पाना आपोआप त्यावरून उतरतो. त्याहून बारीक करायचं म्हटलं तरी होत नाही. धार लावून लावून ओठ झिजलाच तर कुसू जाड होईल, बारीक कसं होईल? अण्णांच्या पोराला हे मी सांगायचं!

शिवाय दांड्यांबरोबर मी एक फळी पाठवली होती, नमुन्याचं भोक पाडून, वर लाल पेन्सिलीने ‘भोक एवढंच’ लिहून. ती कुठे आहे ते मी इथे बसून सांगते. पिंकीच्या टेबलावर. तुझ्याकडची फोटोची प्रत नीट बघ. लेकीच्या तीन पेन्सिली तिच्यात उभ्या आहेत आणि माझं अक्षर स्पष्ट वाचता येतंय. म्हणजे पायांना भोकं पाडताना तू फळी हातातसुद्धा घेतली नाहीस. कुठल्या बिटाने पाडलीस ते कळव, आणि ढिल्या सांध्यांत सरस-भुसा किती कोंबलास तेही.

आईला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, लय शाना झालाय, त्याला लिव, लेथ न्हाई इकायचा, आदी तुजी जीभ इक.

पाचगणीला जा आणि ज्या तोंडाने माझं नाव घेतलंस त्याच तोंडाने खरं सांग. लोभ तूर्त पिंकीच्या नावावर ठेवला आहे.

आम्रपाली

सांगली
ता. २५-११-९४

ती. आक्कास,
सविनय जयभीम.

फोटो बघितला. फळी तिथेच आहे. एकोणिसाचं बिट तुटलं होतं, घाई होती, मी विसाचं लावलं. एका मिलिमीटरने काय होतंय असं वाटलं. चूक माझी.

पण हेडमास्तरांना आता कसं सांगू? साठ पलंगांचं काम मिळायचं आहे, दुकानाची अब्रू जाईल. तू घरचीच, आणि तुला तिथे ओळखतं कोण? एवढं पोटात घाल. लोभ मागायला तोंड नाही.

महेंद्र

मलकापूर
ता. ३०-११-९४

चि. महेंद्र,

ओळखतं कोण म्हणतोस? तूच करून दिलीस ना ओळख. पोटात नाही घालणार.

अण्णा गेले तेव्हा गल्ली हसत होती की बाई लेथवर बसणार. तेव्हा तू दारात उभा राहून सगळ्यांना सांगितलंस की आक्काचं माप म्हणजे अण्णांचंच माप. त्या एका वाक्यावर मी सहा वर्षं उभी आहे. म्हणून इतकं लागलं.

एसटीने चव्वेचाळीस दांड्या पाठवल्या आहेत. तुझ्या विसाच्या भोकांसाठी नवा पाना घासला. उरलेल्या एकोणतीस स्टुलांच्याही करते, तीही आज ना उद्या निसटणारच. पार्सलात एक एकोणिसाची दांडी वेगळी बांधली आहे, नमुन्याच्या दुसऱ्या फळीत ठोकून बसवलेली, सरसाचा थेंब न लावता. ती हेडमास्तरांपुढे ठेव आणि ओढायला सांग. निघाली तर खुशाल लेथ वीक, मी हूं की चूं करणार नाही.

आम्रपाली

पाचगणी
ता. ५-१२-९४

ती. आक्कास,
सविनय जयभीम.

स्टँडवर बसून हे कार्ड लिहितोय. हेडमास्तरांनी ओढली, शिपायाने ओढली, शेवटी आमटीत पडलेल्या मास्तरांनी टेबलाला पाय लावून ओढली. निघाली नाही. मग तिघेही माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं की भोकं मी पाडली, आणि बहिणीचं नाव खोटं घेतलं.

पलंगांचं काम त्यांनी मला नाकारलं आणि तुझा पत्ता मागितला. दांड्या तुझ्या, आणि भोकंही तूच पाडायचीस अशी अट आहे.

साठ पलंग ठोकायला माणूस लागेल. मी येऊ का? फळी घेऊन येतो. पिंकीने पेन्सिली काढून दिल्या आहेत.

तुझा,
महेंद्र