माझा नंबर आईच्या नावे

मी, प्रतीक्षा तुळशीदास खरात, वय २९, राहणार लेण्याद्री रस्ता, जुन्नर, जिल्हा पुणे, आज पूर्ण शुद्धीवर असताना आणि राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्या स्नायूंना दुर्मीळ आजार आहे. हातापायांतली ताकद गेली, आता श्वासाचे स्नायू थकत आहेत आणि झोपताना मशीन लावावे लागते. बुद्धीला या आजाराचा स्पर्श नाही. तसा डॉ. सुभाष लोखंडे यांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला जोडूनही मला काळजी वाटते, म्हणून पुन्हा लिहिते की हे मी कुणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. आई तर लिहूच नको म्हणत होती.

मजकूर मी फोनवर उजव्या अंगठ्याने टाइप करून कागदावर छापून घेतला आहे. सही माझीच आहे, पण ती बँकेतल्या सहीसारखी दिसणार नाही. हात बदलत गेला तशी सहीही बदलत गेली. सही करताना माझे मनगट साक्षीदार झुंबरबाई धरतील. आई धरणार नाही, कारण या मृत्युपत्रातून तिला मिळायचे आहे. उद्या कुणी म्हणायला नको की हात तिनेच फिरवला.

१. माझे वडील कालकथित तुळशीदास खरात यांच्या मागे राहत्या घरात माझा जो हिस्सा आहे तो माझी आई जानकाबाई हिला द्यावा. तिच्यानंतर तो माझा भाऊ बुद्धभूषण याचा. बँकेत जे शिल्लक असेल तेही आईचे. बुद्धभूषण चाकणला कंपनीत आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्याने करावी.

२. वडिलांचा सुतारकामाचा रंधा, पटाशा आणि करवत बुद्धभूषणने ठेवावीत, भंगारात देऊ नयेत. शाळेच्या पायऱ्या मला चढता येत नव्हत्या, म्हणून वडिलांनी मला घरीच अक्षरे शिकवली. रंधा मारलेल्या फळीवर सुताराच्या चपट्या पेन्सिलीने मी लिहायचे आणि फळी भरली की ते पुन्हा रंधा मारायचे. आई म्हणायची, "लाकूड वाया चाललंय." वडील म्हणायचे, "वाया कुठं? ढलपीवर पोरीचं अक्षर हाय, जाळू नको."

३. पलंगावरून खुर्चीत सरकण्यासाठी वडिलांनी केलेली सरकफळी घाटघरच्या रुपालीला द्यावी. ती माझ्याच आजाराची आहे आणि तिच्याकडे अजून साधा पाट वापरतात. पाटाच्या कडा मांडीला लागतात.

४. श्वासाचे मशीन आणि इन्व्हर्टर 'सावकाश' या आमच्या गटात ज्याला तातडीने लागेल त्याला द्यावे. मास्क माझा वापरू नये, नवा घ्यावा.

५. 'सावकाश' हा फोनवरचा गट आहे. असे आजार असलेली माणसे आणि त्यांना सांभाळणारी घरची माणसे त्यात आहेत. एका गावात असा आजार एकालाच असतो, म्हणून हा गट मी काढला. गटात एक पद्धत पडली आहे. सकाळी जाग आली की प्रत्येकाने 'उठलो' किंवा 'उठले' एवढेच लिहायचे. रात्री श्वासाचे काय होईल याचा आम्हाला भरवसा नसतो, आणि हा एक शब्द वाचला की बाकीच्यांचा दिवस सुरू होतो. ज्याचा शब्द आला नाही त्याच्या घरी फोन जातो.

माझ्या आईला या गटात माझ्यापेक्षा जास्त लोक ओळखतात. माणसाला कमरेत न वाकता कसे उचलायचे, याचे तिचे व्हिडिओ आहेत. तिचा चेहरा त्यात दिसत नाही. दिसतो तो पदर खोचलेला आणि ऐकू येते ते, "आधी पोरीला सांगा उचलतेय म्हणून. पोतं न्हाई ते."

६. गटाचा एक नियम आहे. माणूस गेला की महिन्याभराने त्याच्या घरच्यांचा नंबर गटातून काढायचा. हा नियम मंचरच्या नवनाथभाऊंनी मांडला. तेही आजारी आहेत आणि माझ्याबरोबर गट चालवतात. ते म्हणाले होते, "ताई, नवीन पोरगं गटात येतं आन् पहिल्याच दिवशी त्याला श्रद्धांजलीची फुलं दिसतात. ते पळून जाईल, नायतर झोपणार न्हाई." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, हे मी इथे लिहून ठेवते. मी विरोध केला, मतदान झाले, मी हरले.

त्या नियमाने पहिल्यांदा गटाबाहेर गेले ते पारगावचे सावळेरामकाका. साखर कारखान्यात कामाला आहेत. त्यांची मुलगी स्वप्ना गटात होती. काका रोज लिहायचे, "स्वप्ना उठली. मला म्हशीनं उठवलं." स्वप्ना गेल्यावर त्यांनी मला फोन केला. "ताई, मला काढू नका. मी काय बोलणार न्हाई. नुसता कडंला बसतो. सकाळी सगळ्यांचं उठलो-उठलो वाचलं की मग चहा जातो." मी नवनाथभाऊंना हे सांगितले. ते म्हणाले, "नियम एकाला मोडला की सगळ्यांना मोडतो," आणि त्यांनी काकांचा नंबर काढला. तेव्हापासून आम्ही दोघे कामापुरतेच बोलतो. काका मात्र रोज सकाळी मला एकटीला लिहितात, "उठलो." मीही लिहिते, "उठले."

मी गेले की हाच नियम आईला लागणार आहे. जिने निम्म्या गटाला उचलायला शिकवले, तिला महिन्याभरात बाहेर जावे लागेल. या मृत्युपत्राचे खरे कारण हेच आहे.

७. माझी विजेवरची खुर्ची नवनाथभाऊंना द्यावी. त्यांच्या पत्नी मोहिनीवहिनी त्यांना हाताने ढकलतात आणि मंचरला त्यांच्या दारातच चढ आहे. या कलमात मी एक अट लिहिली होती. ती खोडली आहे आणि खोडल्या जागी सही केली आहे. खुर्ची बिनशर्त आहे. अट काय होती ते भाऊंना सांगावे लागणार नाही.

८. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, त्रिसरण-पंचशील म्हणून व्हावा. नंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मोजकी माणसे असावीत. त्या दिवशी कुणीही "सुटली बिचारी" असे म्हणू नये. विशेषतः आईला "तूही सुटलीस" असे कुणी म्हणू नये. मागे शेजारच्या एका बाई तिला म्हणाल्या होत्या, "तुझं तरी हाल किती!" आई म्हणाली, "माझं कसलं हाल? मला उचलायला माणूस हाय." ते वाक्य मी विसरलेले नाही. ते उचलायचे माणूस मी आहे, आणि माझ्यानंतर ते नसेल.

९. म्हणून माझा फोन, त्यातले सिम आणि माझा नंबर मी आईला देत आहे. गट याच नंबरावरून निघाला आहे, आणि गट ज्या नंबरावरून निघतो तो दुसऱ्या कुणालाही गटातून काढता येत नाही. नियम तसाच राहील, फक्त आईपर्यंत पोचणार नाही. ही पळवाट आहे हे मला कळते. पण ती मी उघड लिहून वापरत आहे आणि नवनाथभाऊंना याची प्रत द्यावी असे सांगत आहे. नंबर असा मृत्युपत्राने देता येतो की नाही याची मला खात्री नाही. त्यासाठी बुद्धभूषणने मी असतानाच तो आईच्या नावावर करून घ्यावा आणि रिचार्ज चुकवू नये.

आईला हे वाचून दाखवले. ती म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं? नुसतं हिरवं दाबायचं कळतंय."

"आणि उचलायचं?"

"ते कळतंय."

"मग झालं."

ती बराच वेळ माझी उशी नीट करत राहिली.

१०. आईने पुढील तीन गोष्टी याच क्रमाने कराव्यात. मी गेल्याचे गटाला तिने स्वतःच्या आवाजात सांगावे. आधी "मी जानकाबाई बोलते" असे म्हणावे, नाहीतर माझ्या नावाने आलेला आवाज ऐकून कुणी दचकेल. मग सावळेरामकाकांना परत गटात घ्यावे आणि त्यांना नुसते बसू द्यावे. तिसरी गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी. आईने आजवर गटात एकदाही 'उठले' लिहिलेले नाही. ती म्हणते, "मी कुठं आजारी हाय? माझं उठणं कोण बघतंय?"

आई, त्या सकाळी तू लिही. एकच शब्द आहे, तो मी तुझ्याकडून घोटून घेईन. तो आला नाही तर घाटघरपासून पारगावपर्यंत सगळे फोन आपल्या घरी वाजतील.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. दोन्ही साक्षीदारांना यातून काहीही मिळायचे नाही. त्यांच्यासमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी.

प्रतीक्षा तुळशीदास खरात
(सही, मनगट झुंबरबाईंनी धरले, अक्षर माझे)

साक्षीदार:
१. डॉ. सुभाष चिमाजी लोखंडे, जुन्नर (सही)
२. झुंबरबाई गेणभाऊ शिंदे, शेजारी (सही)

स्थळ: जुन्नर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५