पहिला हात पातळ

४ मार्च, सकाळी
बाळ घरी आलं. ऑपरेशनमुळे हिला धड उठता येत नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, आधी अंगावर पाजा, मग थोडं पावडरचं दूध. पावडरचं खातं मी घेतलं. इतकी वर्षं रंगाची कंत्राटं घेतोय. डब्यातला माल पाण्यात कालवायला मला कोण शिकवणार? संकल्प : बाळाच्या पोटाची जबाबदारी माझी. झोप नाही. डोकं जड.

५ मार्च
सासूबाई म्हणाल्या, डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी घाला. हसलो. कंपनी नेहमी घट्टच लिहिते, डबा लवकर संपावा म्हणून. आमच्या धंद्यात शेंबडं पोरही सांगेल, कोऱ्या भिंतीला रंगाचा पहिला हात पातळ द्यायचा. इथे तर आतडीच कोरी. पाणी सढळ हाताने घातलं. एक गुठळी नाही. बाटली उकळलेली, पाणी उकळलेलं. स्वच्छतेत आपण तडजोड करत नाही.

७ मार्च
बाळ गपगार झोपतं. शेजारीण म्हणाली, गुणी आहे हो. श्रेय कुणाचं ते मी बोललो नाही. ही म्हणते, उठवून पाजायला हवं, नीट ओढतच नाही. म्हटलं, झोपलेल्या लेकराला उठवू नये. दोघं भिंतीकडे बघत बसलो. पोपडे आलेत. स्वतःच्या घराला वेळच मिळत नाही.

८ मार्च
लंगोट कोरडे. धुणं कमी झालं. तरी सासूबाईंचा चेहरा पडलेला. काही माणसांना चांगलं बघवत नाही.

१० मार्च, दुपारी
दवाखान्यातल्या सिस्टर बाळाचं वजन करायला घरी आल्या. घटलंय म्हणाल्या. टेबल डुगडुगतंय हे मी दाखवून दिलं. त्यांनी काटा जमिनीवर ठेवला. तेवढंच भरलं. मग मला म्हणावं लागलं की हिचं दूधच कमी पडतंय. ही रडली, आवाज न करता. मला वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही.

सिस्टर म्हणाल्या, माझ्यासमोर दूध बनवा. बनवलं, ऐटीत. पातळ हाताचं तत्त्वही समजावून दिलं. त्या म्हणाल्या, अहो, बाळ गुणी वगैरे काही नाही. रडायला त्याच्या अंगात त्राणच उरलेलं नाही. उठा, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात.

चपला उलट्या घातल्या.

१३ मार्च, दवाखाना
सावरतंय म्हणतात. सिस्टर हिच्याजवळ बसून पाजायला शिकवतात. पावडर सासूबाई कालवतात, डब्यावरच्या मापाने, चमचा सपाट करून. मला कॉरिडॉरमध्ये बसवलंय. आतून ऐकू आलं, तुमचं दूध वाढेल हो, बाळात ओढायची ताकदच नव्हती. मी दारात जाऊन उभा राहिलो. हिने वर बघितलं नाही.

१६ मार्च
घरी. वजन वाढायला लागलंय. आज बाळ असं कोकललं की शेजारीण धावत आली. मी लगबगीने पुढे झालो. म्हटलं, भूक लागली असेल, आण, मी पाजतो. हिने बाळाला दुसऱ्या कुशीला घेतलं. मी बाटली घेऊन सिंकपाशी गेलो आणि घासत राहिलो. घासलेलीच होती.