बारा नंबरचं पत्र

२ मार्च
आजपासून रोजनिशी. बाबा म्हणायचे, ज्याला लपवायचं काही नाही त्याने रोज लिहावं. मला लपवायचं काहीच नाही.

शाळेत जायच्या आधी दोन वर्षं बाबांनीच मला घरी शिकवलं. मुख्य नियम एकच: आधी कच्चं, मग पक्कं. शेजारी चिठ्ठी पाठवायची तरी आधी कच्ची. मी अजून पाळते. ही वहीसुद्धा कच्ची आहे. पक्की बंदरावर घेणार.

लष्कराच्या हॉस्पिटल-जहाजावर येऊन पाच आठवडे झाले. भाजलेल्यांच्या वॉर्डात माझ्याकडे अठरा कॉट. पेशंटना सगळे नंबरानेच हाक मारतात. आज बारा नंबरने आईला पत्र सांगितलं, मी लिहून घेतलं. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये आहेत. घरी 'गंभीर जखमी' अशी तार गेली आहे आणि २० तारखेला धाकट्या बहिणीचं लग्न. आई ते पुढे ढकलणार, याची त्याला खात्री आहे. 'मुलाकडचे आधीच काठावर आहेत, सिस्टर. एकदा थांबले की थांबलेच.' म्हणून पत्रात: लग्न थांबवू नकोस, हात भाजलेत पण जागेवर आहेत.

संकल्प: ५ तारखेला किनाऱ्यावर सुट्टी. लाँचमधून उतरल्यावर पहिलं काम पत्र. जहाजाची टपालाची थैली महिन्यातून एकदा. गावातल्या पोस्टातून सात दिवसांत पोचतं.

५ मार्च, संध्याकाळी
वॉर्डाचा रिवाज आहे: जो किनाऱ्यावर जाईल त्याने इतरांची कामं करून आणायची. आजची यादी: तीन नंबरला कंगवा, सात नंबरला पत्त्यांचा जोड, पंधराला लिंबं (नुसती वास घ्यायला), बाराचं पत्र.

कंगवा आणला. पत्ते आणले. लिंबं निवडून आणली.

पत्र परत आणलं.

यात कोणाची चूक नाही. पाच आठवड्यांनी जमिनीवर पाय ठेवला तर जमीनच हलायला लागली. पोस्टात काउंटर धरून उभी राहिले, पाकिटावर तिकीट लावलं आणि सहज शेवटचं वाचलं. नेमका 'हात' या शब्दावर शाईचा डाग. आईने काय समजायचं? असं पत्र टाकणं म्हणजे बेजबाबदारपणा. आज पक्कं करून उद्या कोणाबरोबर तरी पाठवते. जहाज ७ पर्यंत इथेच आहे. उलट बरंच झालं.

मग वेळ उरला म्हणून आइस्क्रीम खाल्लं. दोन. दुसरं खाताना बाराची आठवण आली, म्हणून ते चवीने खाल्लं नाही.

६ मार्च
पत्र पाकिटासकट एप्रनच्या खिशात ठेवलं होतं, ड्युटीवर सवड काढून पक्कं करीन म्हणून. नऊ नंबर माझ्या अंगावर ओकला. एप्रन काढून धुण्याच्या पिशवीत टाकला, नऊ नंबरला पुसलं. सगळं नियमानुसार.

तासाभराने खिसा आठवला.

आमच्या वॉर्डाचे कपडे थेट उकळत्या पाण्यात जातात. खाली लाँड्रीत धावले. बॉयलर धडधडत होता. दारातूनच परतले. उकडलेलं पत्र बघून काय करायचं?

बाराने विचारलं, पत्र गेलं का. मी म्हटलं, गेलं. खोटं नाही. गेलं ते गेलंच.

७ मार्च
संकल्प: बाराला आज सगळं सांगायचं.

आज त्याचं ड्रेसिंग बदललं. ड्रेसिंगच्या दिवशी माणसाला वाईट बातमी देऊ नये, हे मेट्रनबाईसुद्धा म्हणतील. विचारलं नाही, पण म्हणतील.

जिन्यात लाँड्रीतले धोबीमामा भेटले. 'सिस्टर, तुमच्या एप्रनच्या खिशात...' म्हणाले. घाईत आहे म्हणून मी सटकले. खिसे रिकामे न करणाऱ्यांना ते चारचौघांत झापतात. मागच्या आठवड्यात थर्मामीटरवरून डॉक्टरांनाही सोडलं नाही. दुपारी एप्रन परत आला. कडक इस्त्री. खिशात लगदासुद्धा नाही.

१० मार्च
आज नक्की सांगणार होते. पण बारा पहिल्यांदा पोटभर जेवला. घास भरवत होते तर म्हणाला, 'तुमच्यामुळे आईचा जीव भांड्यात पडला असेल, सिस्टर.' मी त्याला दोन चमचे कस्टर्ड जास्त घातलं.

केबिनमध्ये माझ्या वरच्या बर्थवर झोपणारी नर्स (तिला मी मनात वरची म्हणते) म्हणाली, तू हल्ली धोबीमामांना बघून लपतेस का? चोराच्या मनात चांदणं! मी म्हटलं, मी चोर कुठे आहे? ती म्हणाली, मग लपतेस का? तिला वाद घालायची सवय आहे.

१३ मार्च
पत्र आठवून पुन्हा लिहिलं. कच्चं केलं, पक्कं केलं. पत्ता वॉर्डाच्या रजिस्टरमधून घेतला. पण पुढचं बंदर १६ ला. सोळा आणि सात, तेवीस. लग्न वीसला. बेरीज बाबांनी इतकी चांगली शिकवली नसती तर बरं झालं असतं.

संकल्प: १६ ला तार. मजकूर: लग्न थांबवू नका. तारेचंही कच्चं केलं. पाच वेळा.

१६ मार्च
पोस्टाला कुलूप. रविवार.

जहाजावर रविवार ओळखायची खूण म्हणजे कस्टर्ड, आणि बाराला मी ते हल्ली स्वयंपाक्याला मस्का मारून रोजच आणून देते. त्यामुळे वार कळलाच नाही. कुलूप हलवून पाहिलं. एक बाई म्हणाल्या, उद्या या. उद्या आम्ही समुद्रात.

तीन नंबरचा साबण आणि साताचे मोजे मात्र आणले.

१८ मार्च
धोबीमामा थेट वॉर्डात आले. 'सिस्टर, ते त्या दिवशीचं सांगायचं होतं...' मी औषधांच्या कपाटात डोकं घातलं आणि गोळ्या मोजायला लागले. ते गेले तेव्हा तीनशे चाळीस झाल्या होत्या. मुदत संपलेलं एक मलम सापडलं, म्हणजे वेळ अगदीच वाया गेला नाही.

२० मार्च
सकाळपासून बारा घड्याळाकडे बघत होता. अकराला म्हणाला, 'आत्ता लागलं असेल.' साऱ्या वॉर्डाने टाळ्या वाजवल्या. ज्यांचे हात बांधलेत त्यांनी पाय आपटले. मला म्हणाला, 'तुम्हीपण वाजवा की, तुमचंच तर काम.'

वाजवल्या. इतक्या हळू की आवाज आला नाही. मग लिननच्या खोलीत जाऊन चादरी मोजल्या.

२२ मार्च
नीट विचार केला. लग्न पुढे ढकललं गेलं, हे नक्की. आता 'थांबवू नकोस' असं पत्र पोचलं तर आईला जन्मभर चुटपूट लागेल. म्हणून मजकूर थोडा सुधारला: 'आई, लग्न थांबवलंस ते बरं केलंस. मी आल्यावरच करू.' आईलाही बरं, बारालाही बरं. मला स्वतःला यातून काही नको.

त्याच्या वतीने लिहायचं, चूक नको. म्हणून पक्कं दोनदा केलं.

२७ मार्च, सकाळी
पत्र टाकलं! नवं बंदर, उघडं पोस्ट, गुरुवार (तिघांना विचारून घेतला). पेटीत पडल्याचा आवाज ऐकला. बाबा असते तर पाठ थोपटली असती. आइस्क्रीम एकच.

२७ मार्च, दुपारी
टपालाची थैली आली. बाराला आईचं पत्र. हात बांधलेले, तेव्हा मीच वाचायचं.

'बाळा, तुझं पत्र चौदा तारखेला मिळालं. आधी तार आली होती, छापील, स्वच्छ. ती वाचून मी मुलाकडच्यांना नको सांगायला निघालेच होते. मग तुझं पत्र आलं. "हात" शब्दावर शाईचा डाग. म्हटलं, हे कुणीतरी तुझ्याजवळ बसून घाईघाईत लिहिलंय, म्हणजे खरं आहे. लग्न छान झालं. त्या नर्सताईला सांग, देव तुझं भलं करो.'

डागाची ओळ मी तीनदा वाचली. पंधरा नंबरने मला लिंबू हुंगायला दिलं.

२७ मार्च, संध्याकाळी
लाँड्रीत गेले. धोबीमामा म्हणाले, 'खिसे चाचपल्याशिवाय मी रुमालसुद्धा उकळत नाही. पाकिटावर तिकीट होतं, तोंड चिकटवलं आणि सात तारखेला गावातल्या पोस्टात टाकलं. दोनदा सांगायला आलो. एकदा तुम्ही पळालात, एकदा कपाटात शिरलात. मला वाटलं, सिस्टरांचं डोकं ठिकाणावर नाही.'

तिथून उठले ती सरळ बाराकडे. सगळं सांगितलं. कच्चं न करता. सकाळच्या पत्रासकट.

त्याने भिंतीकडे तोंड केलं. खांदे हलत होते. रडतोय वाटलं, तर हसत होता. मग हसू ओसरलं आणि म्हणाला, 'पण मी तुम्हाला विचारलं होतं, सिस्टर.' एवढंच.

नंतर म्हणाला, लिहा. 'आई, याच्या एक दिवस आधी तुला एक पत्र आलं असेल. ते मी सांगितलेलं नाही. ज्यांनी लिहिलं त्या मनाने चांगल्या आहेत, पण घाबरट आहेत.' मी लिहून घेतलं. 'घाबरट'वर डाग पडला. मी म्हटलं, पटकन पक्कं करून आणते, उद्या सकाळी...

तो म्हणाला, 'नको. उद्या धोबीमामांची किनाऱ्यावर सुट्टी आहे. एप्रनच्या खिशात घाला आणि धुवायला टाका. तसं पोचतं.'

टाकला. एप्रन आजच धुऊन आला होता.