सांतानने दिलेली केळीची रांग

अंतोनच्या बाबांस,

बावखलावरच्या बैठकीला सगळ्यांत आधी कोण आलं असेल, सांगा बघू? सांतान! तुम्ही जाईपर्यंत तुमच्याशी अबोला धरलेला आपला शेजारी. आणि बसला कुठे, तर बावखलाच्या काठी तुम्ही पाय धुवायचात त्याच दगडावर. मी दोनदा डोळे पुसून बघितलं. मेलेल्यांच्या दिवशी कबरीवर मेणबत्ती लावताना सांगितलं असतं, पण तोवर दम कुठला! म्हणून माझ्या दुसरीपर्यंतच्या अक्षरांत लिहिते.

मुंबईच्या कॉलेजातली दोघं आली होती, एक सर आणि एक बाई. बाई इतकी बारीक, वाटलं आधी जेवायला घालावं. आपल्या चार घरांच्या वाड्या ज्या पाण्यावर शिंपतात ते तळं, आपलं बावखल बघायचं, म्हणाली. मी सगळ्यांना काठावरच चहा दिला.

अंतोन आधीच सांगून मोकळा झाला होता, बावखल बुजवून भाड्याच्या खोल्या बांधू. त्याला नको म्हणायला मला तोंड होतं का? काठ धरून ठेवायला तुम्ही लावलेली भेंडीची ती जाड खोडांची झाडं नातीच्या लग्नात सरपणाला मीच तोडू दिली. दोन पावसाळ्यांत काठ ढासळला. तुम्ही असतात तर रागावला असतात, आणि बरं झालं असतं.

बाईने विचारलं, हा काठ पुन्हा उभा करायचा तर कोण काय देईल? काठाला कधी कोणी काही देतं का हो?

तेव्हा सांतान बोलला, "माझी काठाकडची केळीची रांग काढा. तिथे भेंडी लावा."

अहो, याच भेंडीची सावली केळीवर पडते म्हणून तो तुमच्याशी भांडला होता ना! मला राहवेना. म्हटलं, "भावजी, सावली पडेल."

"पडू दे, वहिनी. तेव्हा भांडायला तरी माणूस होतं."

तुम्ही एकदा, एकदाच त्याला हाक मारली असती तर काय बिघडलं असतं?

मग पलीकडच्या घरांतल्या सुना म्हणाल्या, पुढच्या उन्हाळ्यात गाळ आम्ही उपसू. अंतोन नखं खात होता. शेवटी म्हणाला, "खोल्यांचं राहू दे या वर्षी." या वर्षी म्हणाला हं! पण म्हणाला.

भेंडीच्या फांद्या मी माझ्या हाताने रोवीन. पणतीचं लग्न असलं तरी एक काटकी तोडू देणार नाही, शपथ तुमची. पाऊस तोंडावर आलाय, आणि कॉलेजची ती दोघं येत्या शनिवारी लावणीला परत येतो म्हणालीत.

तुमची,
अंतोनची आय