गाडीची हत्यारं घेतली त्याबद्दल

रविवार, ९ नोव्हेंबर

ती. दाजींना,

मनापासून नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र बाजूला टाकलं असतंत, तर तो तुमचा हक्क होता. पण उघडलंच आहे तर शेवटपर्यंत वाचा, एवढी विनंती. तीन वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आता एवढं लांबलचक लिहितोय, म्हणजे ह्याचं काहीतरी काम असणार, असं तुम्हाला वाटेल. काम आहेच.

इकडे सगळे बरे आहेत. थंडी पडली की ताईचा पाय दुखतो, पण घरात ती आता काठीशिवाय चालते. बाहेर पडताना काठी घेते आणि ती घ्यावी लागते याचा राग माझ्यावर काढते. औषधाचं दुकान ठीक चाललंय. बातमी म्हणावी अशी एकच, मी गाडीची हत्यारं घेतली. हसा खुशाल. चाक पंक्चर झालं की ज्याला तुम्ही “वैद्यबुवा, तुम्ही फक्त टॉर्च धरा” म्हणायचात, तोच मी.

ताईच्या अपघातानंतर मी जाहीर करून टाकलं होतं, की यापुढे कुठल्याही मेकॅनिकच्या हाती गाडी द्यायची नाही. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा चारचौघांत छाती काढून सांगायचो. त्यापायी सर्व्हिसिंग टाळत राहिलो आणि गेल्या महिन्यात ब्रेक कुरकुरायला लागले. ताईला आठवड्यातून दोनदा पायाच्या व्यायामासाठी गाडीने न्यावं लागतं. तेव्हा म्हटलं, आपणच शिकू.

हत्यारांच्या दुकानात मी एक भलीमोठी पेटी पसंत केली होती. दीडशे नग, आपापल्या खाचेत बसवलेले, दिसायला एकदम झकास. ताई काठी टेकत आत आली, पेटीवर एक नजर टाकली आणि काउंटरवरच्या बाईंना म्हणाली, की यातले शंभर ह्याला आयुष्यात लागणार नाहीत. मग तिने उभ्याउभ्या यादी सांगितली. आठ ते एकोणीसचे रिंग पाने, तेवढेच गोटी पाने, एक लांब दांडा, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, जॅक. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, म्हणून दोन लोखंडी स्टँड. स्वस्तातला पाना नट सोलतो, तेव्हा पाने चांगले द्या, हेही बजावलं.

हे शेवटचं वाक्य तिचं नव्हतं, तुमचं होतं. तीन वर्षांत तिने तुमचं नाव काढलं नाही, त्यामुळे आम्ही धरून चाललो होतो की विषय संपला. तो संपलेला नाही हे मला त्या दुकानात कळलं, आणि कळूनही मी न कळल्यासारखं केलं.

पुढचे दोन रविवार घरासमोर गाडी उभी करून खटपट केली. इंजिनचं ऑइल बदललं, फिल्टर बदलला. हाताची सालं निघाली. ही म्हणते, तुमच्या खोकल्याच्या औषधालासुद्धा ग्रीसचा वास येतो. ताई शेजारी स्टुलावर बसून मागीन तो पाना देते, आणि मी चुकीचा मागितला तर बरोबर तोच देते. मग ब्रेकचे पॅड घातले. ते बसले तेव्हा मी लहान मुलासारखा खूश झालो होतो, हे कबूल करतो. ब्रेकचं ऑइल काळं पडलंय, तेही बदल, असं ताई म्हणाली, म्हणून पुन्हा त्या दुकानात गेलो. या वेळी एकटाच होतो.

बाईंनी एक लहान सीलबंद डबा पुढे ठेवला. मी म्हटलं, हा कशाला, इंजिनचं ऑइल उरलंय घरी, तेच ओततो. ऑइल म्हणजे ऑइल.

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. “साहेब, ते ब्रेकमध्ये गेलं तर आतली रबरं फुगतात. आठ-दहा दिवस काही कळत नाही. मग एक दिवस पाय दाबाल आणि तो तसाच खाली जाईल.”

मी डबा घेतला, त्यांचे आभार मानले, गाडीत येऊन बसलो आणि बोटांवर दिवस मोजले. अकरा भरले.

आता सांगतो, दाजी. अपघाताच्या आधी तुम्ही तुमच्या गॅरेजचं सामान आणायला बाहेरगावी गेला होतात. ताई रविवारी तुमची गाडी घेऊन आमच्याकडे जेवायला आली आणि म्हणाली, ब्रेकचा लाल दिवा मधूनच लागतो. जेवण झाल्यावर ती आडवी झाली. मी बॉनेट उघडलं. ब्रेकच्या टाकीतलं ऑइल खुणेच्या जरा खाली होतं. डिकीत इंजिन ऑइलचा डबा होता, त्यातलं ओतलं. दिवा विझला. कुठलं ऑइल घालायचं ते त्या टाकीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं. दिवसभर गिऱ्हाइकांना बाटलीवरचं वाचून घ्या, वाचून घ्या म्हणून पिडणारा मी, मी ते वाचलं नाही. ताई उठल्यावर ऐटीत सांगितलं, बघितलं मी, आता दिवा लागणार नाही. तिने विचारलं नाही काय केलंस, आणि मलाही त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही. अकराव्या दिवशी उतारावर तिचा ब्रेक लागला नाही.

हॉस्पिटलच्या जिन्याजवळ मी जे बोललो ते तुम्हाला पाठच असेल. ब्रेकचं काम तुम्ही महिन्यापूर्वी केलं होतं, त्यामुळे दोष द्यायला मला लांब जावं लागलं नाही. “स्वतःच्या बायकोची गाडी धड करता येत नाही, आणि लोकांच्या गाड्यांना हात लावता?” सगळ्या नातेवाइकांसमोर. तुम्ही मान खाली घातलीत. मी ती कबुली समजलो, ताईही तेच समजली. तिला मी तिथून थेट माझ्या घरी आणलं. तुम्ही गॅरेजचं शटर ओढलंत ते पुन्हा उघडलं नाहीत, आणि आता कुठल्या गोदामात कामाला जाता असं ऐकतो.

ताईला हे सांगायला मला चार दिवस लागले. खरं तर सांगायचंच नाही असं ठरवत होतो. गाडी केव्हाच भंगारात गेलेली, कोणाला कळणार होतं? पण स्टुलावर बसून ती फडक्याने एकेक पाना पुसून ठेवत होती, आणि मला तिच्याकडून पाना घेववेना. तेव्हा बोलून टाकलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “त्याच संध्याकाळी मी ह्यांना फोनवर सांगितलं होतं. म्हटलं, माझ्या भावाने दिवा घालवला.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. अपघातानंतर गाडी तुमच्याच गॅरेजमध्ये ओढून आणली होती आणि ती तुम्ही स्वतः खोललीत. जे दुकानातल्या बाईंना माहीत आहे ते तुम्हाला माहीत नसेल, हे शक्यच नाही. जिन्याजवळ मी ओरडलो तेव्हा तुम्हाला ठाऊक नसेल. पण आठ दिवसांनी ताईचे कपडे पिशवीत भरून तुम्ही माझ्या हातात दिलेत, तेव्हा तुम्हाला सगळं ठाऊक होतं. तरी एका शब्दाने बोलला नाहीत. तिचं माहेर तुटू नये म्हणून गप्प बसलात, असं मला वाटतं. असं वाटून घेणं माझ्या सोयीचं आहे, हेही कळतं.

चूक माझी होती आणि ती मी तुमच्या माथी मारली. माफी मागायचं तोंड नाही, तरी मागतो. त्या दिवशी जिन्याजवळ जे जे होते, त्यांना एकेकाला गाठून खरं सांगतोय. सहा जण झाले. मोठे काका राहिलेत, त्यांच्यासमोर जायला अजून पाय उचलत नाही, पण जाईन.

ताईला मी म्हटलं, मी जाऊन दाजींचे पाय धरतो आणि तुला मानाने तुझ्या घरी पोचवतो. तिने हातातलं फडकं खाली ठेवलं.

“तुम्ही दोघांनी माझी तीन वर्षं वाटून घेतलीत. तू बोलून, त्यांनी गप्प राहून. मला कोणी काही विचारलंच नाही. आणि आता पुन्हा तूच मला पोचवणार?”

याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर ते मला पाठवू नका, दाजी, तिला पाठवा. पाकिटावर तिचं नाव घाला. मी ते उघडणार नाही, आणि तिने काय ठरवलं हेही विचारणार नाही.

तुमच्या बायकोचा
धाकटा भाऊ