ईथर उतरताना

माय,

उद्या सकाळी नऊला माझं हर्नियाचं ऑपरेशन आहे. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आत्ताच येऊन वेळ पक्की करून गेल्या. जाताना त्यांनी विचारलं, "शुद्धीवर येताना जवळ कोण असेल?" कोणी नाही, मी म्हटलं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. अकोल्यातल्या दवाखान्याच्या या खोलीत तेव्हापासून तू डोळ्यांपुढून हलत नाहीस.

अमरावतीच्या दवाखान्यात तू आया होतीस. टॉन्सिल काढलेली पोरं ईथरची भूल उतरताना किंचाळायची, लाथा झाडायची, आईलाही ओळखायची नाहीत. म्हणून त्यांचे हात पट्टीनं खाटेला बांधत. तुझी रीत वेगळी. ऑपरेशनआधी तू पोराच्या आईला गाठायचीस, "बाई, घरी कोन्या नावानं हाका मारता याले?" नाकावर ईथर शिंपडायची जाळी ठेवण्याआधीच त्याचा हात हातात घ्यायचीस. जाग येतानाही तोच हात, तेच नाव. खिडकीला चादर लावायचीस, कोणाला मोठ्यानं बोलू द्यायची नाहीस. सिस्टर करवादायच्या, "हात मोकळे सोडलेस, पडलं म्हणजे?" तू म्हणायचीस, "पडते कसं? मी आहो ना. बांधलं का लेकरू जास्तच भेते."

माझे टॉन्सिल काढले तेव्हा मी आठ वर्षांचा. जाळी येते आहे, तो गोडसर, मळमळवणारा वास, आणि माझा हात तुझ्या हातात. "मी कुठीच जात नाही," तू म्हणतेस. पण शेजारच्या खाटेवर चांदूर बाजारच्या भाजीवाल्याची पोरगी आधी जागी झाली आणि ओरडू लागली. तिची आई दाराबाहेर अडवलेली. मला अजून वेळ आहे असा अंदाज करून तू तिच्याकडे गेलीस. मी डोळे उघडले तर तू तिला मांडीवर घेऊन बसलेली. घसा जळत होता, तरी मी म्हटलं, "तू माही माय नाही. तिचीच हो."

सिस्टर हसल्या, "घ्या आयाबाई, घरचाच आहेर!" तूही हसलीस. "ईथर बोलून राह्यलं थे. काहून मनावर घ्याचं?"

पुढे किती जणींना तू हे सांगितलंस. राजापेठेतल्या आपल्या खोलीवर पोराच्या ऑपरेशनचं विचारायला आलेल्या बायांनासुद्धा. "लेकरू काही बोललं तं रडू नका. माहं पोट्टं मले असंच बोललं होतं." त्या धीर घेऊन जायच्या. मी उठून बाहेर जायचो.

ते ईथर नव्हतं, माय. मी पूर्ण जागा होतो. समोरच्या घड्याळात पावणेअकरा झालेले मला नीट वाचता येत होते. तुला लागावं म्हणूनच बोललो. वर्तमानपत्रात उभी हयात गेली, दुसऱ्यांच्या बातम्या कधी उशिरा दिल्या नाहीत. ही एवढी तू असताना द्यायची राहिली. हा कागदही आता कुठं टाकायचा नाही.

उद्या दुपारपर्यंत शुद्ध येईल म्हणतात. त्या वेळी काही जण कोणाला तरी हाका मारतात, नंतर त्यांना आठवत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी कोणाला हाक मारणार, ते मला आत्ताच ठाऊक आहे.