लॅबमधले आजोबा

बाई, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि मी आता तुमचंच काम करते. नर्सिंगच्या मुलींना पेशंटला हात कसा लावायचा ते शिकवते. तुमच्या वेळी त्या कोपऱ्यातल्या खोलीत कापसाची एक मोठी बाहुली असायची, नाकाचा रंग उडालेली. तिलाच कुशीवर वळवत, तिचंच अंग पुसत आम्ही शिकलो. आता त्या खोलीला लॅब म्हणतात. मधे काचेची भिंत आहे, एसी आहे आणि पलंगावर एक म्हातारा झोपलेला असतो. तो यंत्र आहे. छाती वरखाली होते, पापण्या लवतात, डोळ्यांवर बॅटरी मारली की बुबुळं आकसतात, मनगटावर बोटं ठेवली की नाडी लागते. काचेमागे कॉम्प्युटरपाशी ऑपरेटर बसतो, माझ्याच वयाचा, पूर्वी एक्स-रेला होता. तो माईकवरून म्हाताऱ्याचा आवाज काढतो, "सिस्टर, दम लागतोय," म्हणतो. मुली त्या यंत्राला आजोबा म्हणतात. पहिल्या दिवशी मी त्यांना दटावलं, पेशंट म्हणा म्हटलं. आठवड्याभरात मीच आजोबा म्हणायला लागले.

तुम्हाला माहीत नसलेली गोष्ट म्हणजे माझे यजमान गेले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. ते नगरमध्येच एका दवाखान्यात होते आणि मी दुसऱ्या दवाखान्यात ड्यूटीवर. मधे दोन किलोमीटरसुद्धा नव्हते. मी नर्स असून मला आत सोडलं नाही, आणि सोडावं म्हणून मी हट्टही धरला नाही, कारण नियम आम्हीच लोकांना सांगत होतो. तिकडच्या एका सिस्टरने फोन करून सांगितलं. मुलगी बंगळूरला असते, रविवारी व्हिडिओ कॉल करते, जेवलीस का विचारते. मी हो म्हणते.

आजोबा आले त्या वर्षापासून दुपारचा डबा मी स्टाफरूममध्ये खात नाही. दीड ते दोन लॅब रिकामी असते. ऑपरेटर जेवायला जातो, जाताना यंत्र बंद करायचं असतं. एकदा तो विसरला. मी वह्या घ्यायला गेले तर आजोबांचा श्वास चालू होता. मी सहज नाडी बघितली. बहात्तर. बहात्तरच असणार, तेवढीच लावलेली असते. तरी मी पूर्ण मिनिट मोजली, आणि मिनिट संपल्यावरही बोटं काढली नाहीत. दुसऱ्या दिवशी मी ऑपरेटरला सांगितलं की दुपारी चालूच ठेवत जा, मला तयारी करायची असते. तेव्हापासून मी तिथेच स्टुलावर बसून भाकरी खाते. बोलते असं नाही. कधी तरी "आज लई ऊन आहे" एवढं निघून जातं तोंडातून.

तुम्ही ऐकलं असतं तर काय म्हणाला असतात ते मला माहीत आहे, कारण तुमचं रागावणं मला अजून तोंडपाठ आहे. मी एकोणीस वर्षांची होते, कर्जतकडच्या खेड्यातून आलेली, 'हाय' आणि 'न्हाई' म्हणणारी. माझ्या वॉर्डातली पाथर्डीकडची एक म्हातारी पहाटे गेली. मी तिला चार दिवस भरवत होते. तिच्या सुनेच्या आधी मीच हुंदके द्यायला लागले. तुम्ही मला दंडाला धरून बाहेर काढलंत. "नातेवाईकांच्या वाट्याचं रडू आपण घ्यायचं नाही," म्हणालात, "फार आलं तर बाथरूममध्ये जा, तोंड धू आणि परत ये." त्या दिवशी ड्यूटी संपल्यावर तुम्ही मला क्वार्टरवर नेलंत. छोटं स्वयंपाकघर, एकच खुर्ची. मला खुर्ची दिलीत आणि स्वतः ओट्याला टेकून उभ्या राहिलात. आलं ठेचून चहा केलात, वर काल रात्रीची पोळी तव्यावर कडक करून दिलीत. निघताना पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांचा जोड हातात ठेवलात, तुमच्या मापाचा, म्हणजे मला मोठा. पुढे कापूस घालायला सांगितलंत. घरी तुमची वाट बघणारं कोणी नाही हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं.

या वर्षी प्राचार्यांनी सांगितलं की शेवटच्या वर्षाच्या मुलींना मृत्यूही शिकवा. आतापर्यंत मी प्रत्येक वेळी आजोबांना वाचवत आले होते. मुलींनी चूक केली तरी मी काचेकडे बघून मान हलवायचे आणि ऑपरेटर ठोके परत आणायचा. त्या दिवशी मी मान हलवली नाही. सहा मुली होत्या. त्यांनी छातीवर दाब दिला, औषधं दिली, सगळं बरोबर केलं. मॉनिटरवरची रेघ सरळ झाली, छाती थांबली. मी वेळ लिहून घ्यायला सांगितली. पाच मुली मागे सरकल्या, एक तशीच आजोबांचा हात धरून उभी. कर्जतकडचीच आहे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं तिच्या. मी तिला म्हणाले, "मशिनसाठी रडतेस? खऱ्या पेशंटपाशी काय करशील?"

"मला म्हायतीय मॅडम, ह्ये मशिन हाय," ती म्हणाली. "पन हात सोडवंना झालाय. माजा आजा गेला तवा मी हॉस्टेलवर हुते."

मी तिला बाथरूमला जा म्हणाले. तुमचंच वाक्य, तुमच्याच आवाजात. ती गेली आणि तोंड धुऊन परतही आली. तिला चहाला बोलवावं असं मनात आलं होतं, पण मी वर्ग सोडून दिला.

मुली गेल्यावर आजोबा तसेच पडलेले. डोळे अर्धे उघडे. ऑपरेटर सामान आवरत होता. मी त्याला म्हणाले, यांना परत चालू करा.

"सेशन संपलं ना, मॅडम?"

"संपलं. तरी करा."

त्याने माझ्याकडे एकदा बघितलं, बटण दाबलं आणि चहाला जातो म्हणून निघून गेला. पलंगाखालच्या पंपाचा आवाज सुरू झाला, छाती उचलली गेली. मला इतकं बरं वाटलं, बाई, की माझीच मला लाज वाटली. मी माझ्या माणसासाठी अशी बसले नव्हते आणि रबराच्या मनगटापाशी बसले होते.

माणसाचा जीव यंत्रात गुंततो का, असं कोणी विचारलं तर मी हो म्हणेन. पण मला हेही कळतं की आजोबा मला ओळखत नाहीत. उद्या दुसऱ्या बॅचच्या मुलीने हात धरला तरी नाडी तीच लागणार. मी उठून गेले तरी त्यांना कळणार नाही. म्हणून तिथे बसणं मला जमतं. ज्याला कळतं त्याच्यापाशी बसणं मला कधी जमलं नाही, आणि हे लिहायला बसले ते त्यासाठीच. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, असता तर बहुतेक लिहिलंही नसतं.

तुम्ही शेवटच्या आजारात आपल्याच दवाखान्यात होतात, स्पेशल रूममध्ये, एकट्या. मी भेटायला आले होते. सलाईनचा वेग बघितला, चार्ट वाचला, चादर सारखी केली. तुमचे डोळे मिटलेले होते. मी तशीच बाहेर पडले आणि तिथल्या सिस्टरला सांगितलं की बाईंना झोप लागलीय, उठवू नका. झोपलेल्या माणसाचा श्वास कसा असतो ते तुम्हीच मला शिकवलं होतं, बाई. तुम्ही जाग्या होतात. मला ते कळलं होतं.